देसले सरांचा बैल

एसटीच्या मागच्या काचेवर धूळ दिसली की देसले सरांचं बोट शिवशिवायचं. सर इतिहास शिकवत नसत, काढत असत. मुरबाड स्टँडवर कल्याण गाडीच्या काचेवर त्यांनी एकदा फ्रेंच राज्यक्रांती काढायला घेतली. गाडी सुटायची वेळ झाली तरी राजा जिवंतच. सरांनी ड्रायव्हरला जरा थांब म्हणून सांगितलं, तो थांबला नाही. राजा डोक्यासकट कल्याणला गेला आणि सर आठवडाभर हळहळत राहिले.

लग्नाच्या पंगतीत पत्रावळीवर भाताचं पानिपत मांडायचे, आणि वाढपी येऊन दोन्ही फौजांवर वरण ओतायचा. काहीही विचारा, सर म्हणणार, "थांब, काढून दाखवतो."

मी त्यांची विद्यार्थिनी. आमच्या घरात पोथीच्या जागी शेतमजूर संघटनेची पत्रकं होती, तीच वाचत मी वाढले आणि बी.ए. झाल्यावर तीच लिहायला लागले. उद्गारचिन्हाशिवायही वाक्य संपू शकतं, हे मला फार उशिरा कळलं.

तालुक्यात कॉम्प्युटर नुकते आले होते. कॉलेजने सरांना कळवलं, जूनमध्ये इतिहासाला पुरेशी मुलं आली नाहीत तर वर्ग बंद, आणि त्या खोलीत कॉम्प्युटर. आईबाप तर सरळ विचारत, आर्ट्स करून पोटाला काय? सरांनी ठरवलं, याचं उत्तर एका मोठ्या पोस्टरवर द्यायचं. आधी ते म्हसा गावच्या जत्रेत लावायचं, कारण बैल आणि घोंगड्या घ्यायला अख्खा तालुका तिथे येतो. मग जूनपर्यंत कॉलेजच्या फाटकावर.

मजकूर माझ्याकडे होता. मी लिहिलं, 'गुलाम व्हायचं नसेल तर कला शाखेत या!' सरांनी शांतपणे वाचलं.

"पोरं बोलवायचीत गो. मोर्चा नाय काढायचा."

मी दोन दिवस भांडले. शेवटी चित्र त्यांचं आणि खाली माझी एकच ओळ, असा तह झाला: 'आपण कोण, हे विचारायला शिका. कला शाखेत प्रवेश घ्या.'

चित्र महिनाभर चाललं. दाराएवढा कागद. मागे डोंगर, भात लावणाऱ्या बायका, ढोल वाजवणारा एक जण, आणि मधोमध काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा डांगी जातीचा बैल. माणसांच्या शिक्षणाच्या पोस्टरवर बैल एवढा मोठा कशाला, असं मी विचारलं. बैल नसला तर हितं थांबतो कोण, असं सर म्हणाले.

ते खरं निघालं. जत्रेत पोस्टरपुढे ही गर्दी. मी हरखले. मग पुढचा शेतकरी म्हणाला, "शिंगं बरी हायेत. दाताला कसा हाय?"

सरांनी पिशवीतून ब्रश काढला, बैलाचं तोंड उघडलं आणि वय कळावं म्हणून चार दात रंगवले. बघे खूश झाले. दुसऱ्याने बैल कुठे बांधलाय ते विचारलं. तिसऱ्याने तर हातावर टॉवेल टाकून हात पुढे केला, कारण तिथे सौदा टॉवेलखाली बोटं दाबून होतो. सरांनी टॉवेलखाली हात घातलासुद्धा. माझी ओळ कोणी वाचली नाही.

गर्दी पांगल्यावर एक म्हातारा राहिला. हातात रिकामा कासरा. सकाळीच बैल विकला होता. तो चित्राकडे बघत होता. सरांनी त्याला कला शाखेचं काहीही सांगितलं नाही. "तुमच्या बैलाचं नाव काय व्हतं?" एवढंच विचारलं.

मोऱ्या, तो म्हणाला. मग तो बोलतच राहिला. मोऱ्या कोणत्या पुरात पोहून आला, बायको गेली तेव्हा कसा चाऱ्याला तोंड लावीना. सर त्याच्या शेजारी मातीत बसून ऐकत होते. उठताना म्हाताऱ्याने विचारलं, हे चितार मला देता का? गोठा लय मोकळा वाटंल.

सरांनी पोस्टर काढलं, नीट गुंडाळलं आणि त्याला दिलं.

वर्ग त्या जूनमध्ये बंद झाला, हे इथेच सांगून टाकते. पोस्टर फाटकावर लागलं असतं तर तो वाचला असता, असं माझं तेव्हा ठाम मत होतं, आणि परतीच्या जीपमध्ये मी ते सरांना सुनावलं. शाखा मरायला टेकलीय आणि तुम्ही गोठे सजवताय, असंही मी म्हणाले.



"मी कल्याणला शिकायला व्हतो," सर म्हणाले. "सुट्टीत घरी आलो का बा विचारायचा, काय शिकवतात रे थितं? मी राजांची नावं सांगायचो. बैलांना चारा टाकता टाकता सगळी ऐकायचा बिचारा. त्याचं काय, ते मी एकदापण विचारलं नाय. आता विचारायला शिकलो, तर बा नाय."

माझा आवाज खाली आला. काय विचारलं असतं, म्हटलं.

"नांगरताना एकटाच कायतरी म्हणत असायचा. ते." सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "चाल येते गो मला. शब्द नाय येत."