चौथ्या प्रश्नाचे उत्तर

खडूसाहेबांनी कुठेही अर्ज केला नव्हता, तरी त्यांची निवड झाली.

सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते संगणकापुढे बसले, तर पत्र आलेले. एका कंपनीची नवी ऑपरेटिंग सिस्टिम बाजारात यायची होती. त्याआधी काही निवडक लोकांनी ती आपल्या संगणकावर वापरून पाहायची आणि तिच्यातले दोष कळवायचे. अशा लोकांना बीटा टेस्टर म्हणतात, हेही पत्रातच सांगितले होते. हजारो अर्जांतून आपला अर्ज निवडला आहे, आणि 'विशेषतः प्रश्न क्रमांक चारला आपण दिलेले उत्तर आम्हा सर्वांच्या लक्षात राहिले आहे.'

त्यांनी पत्र तीनदा वाचले. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचले. मग खाली जे हिरवे बटण होते ते दाबले. निवड झाली म्हणजे हजर व्हायचे, एवढे त्यांना कळत होते. एकतीस वर्षे भोंगा झाला की ते कारखान्याच्या दारात असायचे. बटण दाबताच पडद्यावर एक पट्टी सरकू लागली, आणि ती सरकत असताना त्यांनी लेकीला फोन लावला.

"मी असला कुठला फॉर्म भरला होता का ग?"

"आईने भरला असेल. गेल्या वर्षी ती कॉम्प्युटरच्या क्लासला जायची ना, तेव्हा म्हणाली होती, तुझ्या बाबांना कामाला लावते."

"माझ्या नावाने?"

"मग काय स्वतःच्या? तिला कुठे चुका दिसायच्या."

चौथ्या प्रश्नाला तिने काय लिहिले, ते लेकीला ठाऊक नव्हते. पण आई प्रत्येक फॉर्म स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवायची, त्यामुळे तो त्याच संगणकात सापडेल. फक्त ती नवीन सिस्टिम घरच्या कॉम्प्युटरवर टाकू नका, मी रविवारी जुना लॅपटॉप आणते, असे तिने दोनदा बजावले. खडूसाहेबांनी मान वळवून पडद्याकडे पाहिले. पट्टी चौसष्ट टक्क्यांवर होती.

"नाही टाकत," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

खडूसाहेब हे काही त्यांचे नाव नव्हे. ते नळाच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक नळ त्यांच्या टेबलावर यायचा. ते त्याच्यातून दाबाने पाणी सोडायचे, आणि तो थेंबभर जरी गळला तरी त्याच्यावर लाल खडूने फुली मारायचे. त्यावरून कामगारांनी हे नाव पाडले. पाठीमागे ते आणखी आखूड करून म्हणत, तेही त्यांना माहीत होते.

खडू खिशात राहायचा आणि घरी यायचा. खिडकीची कडी सैल आहे, दार कुरकुरते, उशीचा अभ्रा उलटा घातला आहे, आज मीठ कमी, काल जास्त. बायकोने त्यावरून कधी वाद घातला नाही. हातातले काम न थांबवता ती म्हणायची, "बरं. नोंद झाली." आणि खरोखर तेवढ्यावर ते गप्प व्हायचे. कडी तशीच सैल राहायची.

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत त्यांनी एकही दोष काढला नव्हता. सांगायचा कुणाला? स्वयंपाकघरातला नळ रात्रंदिवस गळत होता, आणि ज्या माणसाने आयुष्यभर गळके नळ परत पाठवले, त्याने त्याच्याखाली एक वाडगे ठेवून दिले होते. वाडगे भरले की ओतायचे आणि परत ठेवायचे.

दुपारपर्यंत नवी सिस्टिम बसली. इतकी वर्षे बटण दाबले की मुकाट उघडणारा संगणक आता विचारू लागला, आपण कोण? पडद्यावर दोन गोल होते. एका गोलावर त्यांचे नाव होते, दुसऱ्यावर बायकोचे. त्यांचा गोल लगेच उघडला. तिच्या गोलाने पासवर्ड मागितला. पाच प्रयत्नांत तो जमला नाही तर खाते कायमचे बंद होईल, अशी सूचनाही दिली.

त्यांनी लेकीची जन्मतारीख घातली. चूक. लग्नाची तारीख घातली. चूक. मग जरा सावरून बसून, आता उघडणारच अशा खात्रीने, स्वतःची जन्मतारीख घातली. तीही चूक. त्याचे त्यांना थोडे वाईट वाटले. चौथ्यांदा कारखान्याचे नाव घातले, ते रागाने. उरलेला एक प्रयत्न त्यांनी दोन दिवस जपून ठेवला. तिसऱ्या दिवशी एकदम सुचले, तिची स्वतःची जन्मतारीख. ती त्यांना लेकीला विचारावी लागली. तीही चूक निघाली, आणि तिचा गोल करडा झाला.

रविवारी लेक लॅपटॉप घेऊन आली आणि करड्या गोलाकडे पाहत राहिली. फोटो माझ्याकडे आहेत, ती म्हणाली, तेवढी काळजी करू नका. फॉर्म मात्र गेला. खडूसाहेब वाडगे ओतायला उठले.

पण तिचे खाते नीट बंदही झाले नव्हते. सोमवारी सकाळी आठ वाजता संगणक मोठ्याने म्हणाला, "गोळी घेण्याची वेळ झाली आहे." बायको आजारी असताना तिने लावून ठेवलेली ती आठवण होती. जुन्या सिस्टिममध्ये ती मुकी होती, पडद्याच्या कोपऱ्यात यायची आणि जायची. नव्या सिस्टिमने तिला आवाज दिला. आवाज इतका खणखणीत की खालच्या मजल्यावरचा शिंपी जिना चढून आला, आणि घरात कुणी पाहुणी आली आहे का, असे विचारून गेला.

खडूसाहेबांनी कंपनीला पहिले पत्र लिहिले ते याबद्दल नव्हे. त्यांनी चौथ्या प्रश्नाचे उत्तर मागितले. मदतकक्षातून एका बाईंचे उत्तर आले. गोपनीयतेच्या नियमानुसार अर्जातली उत्तरे फक्त अर्जदारालाच सांगता येतात.

'अर्जदार मीच आहे,' त्यांनी कळवले.

'मग उत्तर आपल्याला माहीतच असेल,' बाईंनी कळवले.

खडूसाहेबांनी हे वाक्य सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिले. त्यात फुली मारायला कुठेच जागा नव्हती. एकतीस वर्षांत असा नळ त्यांच्या टेबलावर चार-दोनदाच आला असेल.

तेव्हा ते कामाला लागले. निवड दोष काढण्यासाठी झाली आहे, तर निदान ते तरी व्हावे. दोष क्रमांक एक, घड्याळ तीन मिनिटे मागे आहे. दोष क्रमांक दोन, कचऱ्याच्या डब्यात टाकलेली वस्तू परत टेबलावर येते. दोष क्रमांक तीन, रोज सकाळी आठला गोळी घ्यायला सांगितले जाते. जिने घ्यायची ती आता नाही.

दहा मिनिटांत उत्तर आले. 'नोंद झाली. ही आठवण बंद करून देऊ का?'

खडूसाहेब ते पहिले दोन शब्द बराच वेळ पाहत बसले. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, कचेरीची भाषा आहे, सगळीकडे असेच लिहीत असतील. त्यांनी उत्तर दिले, 'सध्या राहू द्या.'

त्यानंतर त्यांचा दिवस मार्गी लागला. सकाळी दाढी, आठला गोळीची हाक, नऊला संगणकापुढे. खिडकी मिटताना दुसरीच खिडकी मिटते. नोंद झाली. अक्षरे मोठी केली की बटणे पडद्याबाहेर जातात. नोंद झाली. विसाव्या दोषानंतर सिस्टिमच्या हद्दीबाहेरचेही काही त्यात येऊ लागले, ते त्यांच्या लक्षात आले नाही. दोष क्रमांक सत्तावीसमध्ये छापण्याच्या अडचणीखाली त्यांनी लिहिले होते की जिन्यातला दिवा गेला आहे. दोष क्रमांक तेहतीस एवढाच होता : 'आज मीठ जास्त झाले. माझ्याच हातून.'

नोंद झाली, बाईंनी कळवले.

पुढच्या खेपेला लेक आली तेव्हा तिने हे सगळे वाचले.

"बाबा, मिठाचं कंपनीला कशाला कळवता?"

"त्या बाई उत्तर देतात."

"त्यांना दुसरी कामं नसतील का?"

"असतील. पण देतात. दहा मिनिटांच्या आत. नियमच आहे त्यांचा तसा."

नळाखालचे वाडगे उचलून लेकीने ते घासून ठेवले, आणि मग आठवण होऊन परत नळाखाली सरकवले.

चौथ्या प्रश्नाची वाट कुठून काढायची, हे खडूसाहेबांना बासष्टाव्या दोषाला सुचले. आपण इतके दिवस मेहेरबानी मागत होतो, हीच चूक. तपासनीस मेहेरबानी मागत नाही, फुली मारतो. त्यांनी लिहिले : 'जो अर्ज भरतो त्याला स्वतःची उत्तरे पुन्हा वाचता येत नाहीत. हा दोष आहे.' आणि या वेळी मदतकक्षाऐवजी ते थेट सिस्टिम बांधणाऱ्या इंजिनीअरांकडे पाठवले.

इंजिनीअरांना तो दोष पटला. महिनाभराने नवी आवृत्ती आली, आणि तिच्या कोपऱ्यात एक नवे बटण होते, 'माझा अर्ज'. त्याच सकाळी मदतकक्षातल्या बाईंचा निरोपही आला होता. पहिल्यांदाच त्यांनी आपणहून लिहिले होते. 'नव्या आवृत्तीत एक बटण आहे. ते आपण उघडलं नाही तरी चालेल. आपले दोष आम्ही पूर्वीसारखेच ऐकू.'

लेकीचे बजावणे जसे ऐकले होते तसाच खडूसाहेबांनी हा निरोप वाचला, आणि नऊ वाजायची वाट न पाहता बटण दाबले.

प्रश्न चौथा होता, आम्ही आपली निवड का करावी? त्याखाली लिहिले होते :

'मी यांची बायको. फॉर्म त्यांच्या नावाने मीच भरते आहे, त्यांना कळू देऊ नका. अडतीस वर्षं ते घरातल्या प्रत्येक गोष्टीत चूक काढत आलेत. त्यातली एकही चूक खोटी नव्हती, हे सांगायला हवं. माझे आता फार दिवस नाहीत. डॉक्टरांनी सगळं सांगितलंय, मी त्यांना अर्धंच सांगितलंय. मी गेले की ते चुका सांगायचे थांबतील, आणि ते थांबले की त्यांचं काही खरं नाही. तुमच्याकडे चुका ऐकायला माणसं ठेवलेली असतात, असं क्लासमध्ये कळलं. घाई करू नका. मी आहे तोवर मी ऐकते, पुढे तुम्ही ऐका. त्यांनी काही कळवलं तर दुरुस्त नाही केलं तरी चालेल, मीपण फारसं केलं नाही. फक्त नोंद झाली म्हणा. तेवढ्यावर त्यांचं भागतं.'

संगणक म्हणाला, "गोळी घेण्याची वेळ झाली आहे."

खडूसाहेबांनी उत्तर एकदाच वाचले. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, आणि चष्म्यातून नीट दिसतही नव्हते. मग त्यांनी नवा दोष लिहायला घेतला. क्रमांक एकशे अठरा.

'चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात वर्षे चुकली आहेत. अडतीस नव्हे, एकोणचाळीस. दुरुस्त करू नये.'

पाठवले. दहा मिनिटे गेली, उत्तर आले नाही. वीस मिनिटे गेली. ते उठून स्वयंपाकघरात गेले. माळ्यावरची जुनी पेटी काढली, पाण्याचा मुख्य कॉक बंद केला, नळ खोलला. आतला वॉशर झिजून कागदासारखा झाला होता. हे त्यांना इतके महिने माहीत होते. नवा बसवला, कॉक उघडला, आणि सवयीप्रमाणे नळापुढे उभे राहून शंभर अंक मोजले. एकही थेंब पडला नाही. वाडगे पुसून त्यांनी फळीवर ठेवले. ही गोष्टही कुणाला तरी सांगायला हवी, असे त्यांना वाटले.

ते परत आले तेव्हा उत्तर आले होते. नेहमीचेच दोन शब्द.

त्याला चाळीस मिनिटे लागली होती. कंपनीच्याच नियमाप्रमाणे तो सरळसरळ दोष होता. खडूसाहेबांनी तो लिहिला नाही.