सॅम्युअलकाकांची परतफेड

सॅम्युअलकाकांना वाटीभर काही दिलं, की आपण घरची पायरी चढायच्या आत वाटी भरून परत येते. एकदा आईने कढी पाठवली, तर काकांनी पपई आणून दिली. पपईच्या बदल्यात आईने चिवडा दिला, तर अंडी आली. बाबा म्हणाले, "आता थांब, नाहीतर तो कोंबडी आणून देईल." दुसऱ्या दिवशी कोंबडीच आली.

काका चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतून रिटायर झालेले. बायको, रूथकाकू, वारल्या. मुलगी रायपूरला. कॉलनीत त्यांची आणि आमची भिंत एकच. "घेणं आपल्याले जमत नाही," असं ते सांगायचे, जसं दुसरा कोणी वांगं चालत नाही म्हणून सांगतो.

चर्चमध्येही तेच. पाळकच हसत हसत सांगतात. "कोणासाठी प्रार्थना करायची?" असं विचारलं की काका सगळ्यात आधी उभे. माझ्या नोकरीसाठी, समोरच्यांच्या म्हशीसाठी, आणि एकदा आमच्या बिघडलेल्या मोटरपंपासाठी. पाळकांनी तीही केली. पंप मात्र मिस्त्रीनेच सुरू केला. "आणि तुमच्यासाठी?" विचारलं, की काका खाली बसत. "मले कायले? देवाले दुसरे कामं आहेत."

या डिसेंबरात छपरावर नाताळचा तारा लावताना काका शिडीवरून घसरले. उजवा हात प्लास्टरात. मी डबा घेऊन गेलो तर दार बंद. आतून आवाज आला, "मी जेवून राहिलो." संध्याकाळीही तेच. पाळकांनाही त्यांनी खिडकीतूनच वाटेला लावलं. स्वयंपाकाचा वास मात्र कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईने भात आणि तळ्यातल्या मासळीचा रस्सा घेतला आणि ती मागच्या दाराने सरळ आत शिरली. मी तिच्यामागे. काका डाव्या हाताने कोरडे मुरमुरे खात बसले होते.

"भाऊ, हे काय जेवण झालं?"

"वहिनी, मले आता परत काही देता येत नाही."

"तुमाले मागून कोण राहिलं? तुमचा देव रोज देते, त्याले काय परत करता?"

काकांनी मुरमुरे बाजूला सारले. मग हळूच म्हणाले, "रूथ गेली तेव्हापासून भेव वाटते, वहिनी. कोणाचं घेतलं का सवय होते. मंग तेही माणूस जाते."

आईने ताट वाढलं. काटे काढून तिने भात कालवून दिला. काकांनी डोळे मिटले. "देवा, आज माह्याजवळ काहीच नाही. तू दे, मी घेतो."

डाव्या हाताने, अर्धं सांडत, पण सगळं ताट त्यांनी साफ केलं. मग आईकडे न बघता विचारलं, "आणखी भात आहे काय, वहिनी?"

"आहे ना," आई म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. घरी भाताचं शीतही उरलं नव्हतं. मी गुपचूप जाऊन कुकर लावला.