कर्णधाराच्या दोन धावा

समुद्र ओलांडल्याशिवाय माणसाची थोरवी घरच्यांना पटत नाही, आणि ओलांडल्यावर ती बाहेरच्यांना पटत नाही. क्रिकेटच्या परदेश दौऱ्यांची उज्ज्वल परंपरा या दोन सत्यांच्या मधल्या फटीत जन्माला आली.

क्लबाचा पहिला दौरा ठरला तेव्हा कर्णधाराची निवड अत्यंत शास्त्रशुद्ध झाली. उमेदवाराकडे मेजवानीचा काळा कोट, आभाराची पाठ केलेली भाषणं आणि भारदस्त पोट असावं, अशा अटी होत्या. (फलंदाजी यावी, अशीही एक अट एका सभासदाने सुचवली होती. तो सभासद दौऱ्यावर गेला नाही.) सगळ्या अटींत बसणारा गृहस्थ एकच निघाला, त्यामुळे निवडणूक अगदी चुरशीची झाली नाही.

या कर्णधारसाहेबांच्या जोडीला सलामीला कंपाउंडरला घेतलं. तो दवाखान्यात बाटल्या भरायचा आणि बॅट उत्तम चालवायचा. पण निवड झाली ती साहेबांना काही लागलं-खुपलं तर टिंक्चर जवळ असावं म्हणून.

कंपाउंडरची गोष्ट वेगळी होती. त्याच्या सासऱ्यांची लाकडाची वखार होती आणि खेळणाऱ्या जावयाचं काय करावं याबद्दल त्यांची मतं पक्की होती. बंदरावर बायको कानाशी लागून म्हणाली, "अहो, एक तरी धाव काढून या. पेपरात नाव आलं नाही तर बाबा बॅट जळणात घालणार आणि तुम्हाला गल्ल्यामागे बसवणार."

"एकच ना? अगं, एक तर आंधळाही काढेल."

तो आंधळा या संघात नव्हता, म्हणून त्याला शक्य झालं असतं.

कारण पहिल्याच सामन्यात साहेब पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद झाले. मागाहून आलेला यष्टिरक्षक चौकार मारणार, एवढ्यात व्यवस्थापकाने तंबूतून हाक दिली, "अरे, साहेबांचं शून्य आणि तुझे चार? काही लाज?" त्या दिवशी संघाला शिस्त कळली. कर्णधाराहून जास्त धावा काढणं हा उद्धटपणा ठरला. साहेब सातत्याचे भोक्ते असल्यामुळे शिस्त शेवटच्या सामन्यापर्यंत शून्यावरच स्थिर राहिली.

अवांतर धावांना मात्र मालक नसतो. त्यामुळे संघाने चेंडू अंगावर घेण्याची स्वतंत्र शैली विकसित केली. मांडी, बरगडी, खांदा, जिथे लागेल तिथून लेगबाय. (खांद्यावरून मिळालेल्या धावेला लेगबाय म्हणावं का, यावर पंचांचं एकमत झालं नाही.) दौऱ्यातल्या तोवरच्या एकूण धावांपैकी शंभर टक्के धावा अवांतर होत्या. टिंक्चर दुसऱ्याच गावात संपलं.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी कंपाउंडरला वखारीतला भुसा नाकात शिरल्यासारखा वाटत होता. पण यजमान मंडळी सज्जन. त्यांना पाहुण्यांची दया आली आणि त्यांनी साहेबांना असा काही मऊ चेंडू टाकला की तो आपण होऊन बॅटला लागला आणि सीमेच्या दिशेने घरंगळत गेला.

"साहेब, पळा!" कंपाउंडर ओरडला.

साहेब टाळ्या स्वीकारत होते. "मी पळू? मग तुम्हा लोकांना आणलंय कशाला?"

कंपाउंडरने क्षणात हिशेब केला. साहेबांची एक झाली की आपल्याला एक काढायला मोकळीक. तो धावत गेला, भरल्या पोत्यासारखे साहेब खांद्यावर घेतले, पलीकडच्या टोकाला नेऊन उभे केले आणि धापा टाकत परत आला. क्षेत्ररक्षक सभ्य होता. तो तोवर चेंडू पुसत राहिला. नियमात फक्त टोक गाठण्याचा उल्लेख आहे, वाहनाचा नाही, असं म्हणून पंचांनी धाव दिली.

पुढचा चेंडू कंपाउंडरने मनापासून हाणला. साहेब जागचे हलले नाहीत. नुसते हात वर करून उभे राहिले, लहान मूल उभं राहतं तसे. त्याने पुन्हा उचललं, आणलं, ठेवलं आणि उलट धावत जाऊन टोकाला अक्षरशः आडवा पडला. धाव पुरी झाली, आणि सामन्याची वेळही संपली.

"माझ्या दोन झाल्या," साहेब म्हणाले.

"साहेब, दुसरी माझी. चेंडू मी मारला."

"दोन्ही वेळा पलीकडे कोण गेलं?"

"तुम्हीच, पण..."

"मग?"

धावफलक साहेबांचा खाजगी कारकून सांभाळत होता. त्यालाही हा युक्तिवाद बिनतोड वाटला.

घरी पेपर आधीच पोचला होता. 'कर्णधाराच्या झुंजार दोन धावा. दुसऱ्या टोकाकडून साथ.' सासऱ्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचला, जावयाचं नाव काही सापडलं नाही. पण यष्टिरक्षकाकडून त्यांनी बाकीची हकिकत ऐकली होती आणि ते उठून दारापर्यंत सामोरे आले.

"जावईबापू, एवढं धूड घेऊन पळालात? आणि मी तुम्हाला गल्ल्यामागे बसवणार होतो! उद्यापासून ओंडके उचला."

बॅट त्याच संध्याकाळी चुलीत गेली. चांगली जळली म्हणतात.

क्लबाच्या दिवाणखान्यात त्या धावेचं तैलचित्र आहे. कर्णधाराच्या चित्रात दुसऱ्याचं डोकं बरं दिसत नाही, म्हणून समितीने कंपाउंडरला खरवडून काढायला लावलं. आता साहेब हवेत बसून पुढे चालले आहेत, आणि त्यांचे पाय जमिनीला लागत नसत, असं नव्या सभासदांना आदराने सांगितलं जातं.

आपणही ते चित्र पाहून यावं, खुशाल हसावं. फक्त घरी आल्यावर, आपले पाय जमिनीला टेकून किती दिवस झाले आणि खाली कोण धापा टाकतंय, हे बघायला वाकू नये. तोल जातो.