आढावकाकांचं पवित्र चुंबन

दर रविवारी चार वाजता शमुवेल आढाव तोंडात लवंग धरून येतात आणि प्रार्थना संपल्यावर, प्रभुभोजनाची भाकर मोडायच्या आधी, उठून खोलीतल्या प्रत्येक पुरुषाच्या डाव्या गालाचं चुंबन घेतात. मग तिथे अधिकारी बसलेला असो की चपराशी. हसू नका. आमच्या मंडळीत हसणारे आधीच फार झाले आहेत.

मंडळी म्हणजे चंदीगडला बदलीवर आलेली पाच-सहा मराठी ख्रिस्ती कुटुंबं. इथल्या देवळांतली उपासना हिंदी, पंजाबी नाहीतर इंग्रजी; म्हणून आम्ही सेक्टर बावीसमध्ये माझ्या दादाच्या सरकारी क्वार्टरमध्ये मराठीत जमतो. आढावकाका मूळचे नगरकडचे, एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन. लग्न केलेलं नाही. मनीमाजऱ्यात एका खोलीत राहतात आणि सायकलवर येतात.

चुंबनाचे त्यांचे नियम कडक आहेत. पुरुषाने पुरुषाचं, बाईने बाईचं. ओठ मिटलेले. आवाज नाही, कारण पहिल्या शतकांतल्या एका शिक्षकाने तक्रार करून ठेवली आहे की काही लोक चुंबनांनी देऊळ दणाणून सोडतात. एकदाच घ्यायचं, कारण दुसऱ्या एकाने बजावलंय की गोड वाटलं म्हणून पुन्हा घेईल त्याने पाप केलं. काका हे अशा सुरात सांगतात की वाटावं, पुलाच्या बांधकामाची मापं वाचताहेत.

वरच्या मजल्यावरच्या संधूजींनी एकदा खिडकीतून हा प्रकार पाहिला.

"ओ भाईसाब, ये बुज़ुर्ग सबको पप्पी क्यों देते हैं?"

"रिवाज है जी," दादा ओशाळून म्हणाला.

"रिवाज नाही, आज्ञा आहे. 'पवित्र चुंबनाने एकमेकांना सलाम करा!'" काका आतून गरजले.

"तो हमें भी दे दो!" संधूजींनी दाढी पुढे केली. काकांनी हात जोडले. बाप्तिस्मा न झालेल्याला जुन्या मंडळीत हे चुंबन नव्हतं, तेव्हा माफी असावी. संधूजी खो खो हसले, "चलो, फिर हमारी झप्पी लो," म्हणाले आणि त्यांनी काकांना छातीशी आवळलं. काका त्या मिठीतून लगेच सुटले नाहीत. तेव्हा मला वाटलं, सरदारजींची पकडच तशी.

आता खरं सांगतो. ही आग मी लावली. दीड वर्षापूर्वी, नाताळाआधी, मी एक पत्रक सायक्लोस्टाइल करून वाटलं होतं: 'पहिल्या मंडळीकडे परत चला!' प्रेषितांनी जे सांगितलं ते सगळं करा, जे सांगितलं नाही ते सगळं फेका. माझा रोख कापसाच्या बर्फावर होता, लाल डगल्यातल्या म्हाताऱ्यावर होता आणि मेजर भोसल्यांसाठी पहिल्या रांगेत राखून ठेवल्या जाणाऱ्या गादीच्या खुर्चीवर होता. लोकांनी पत्रक वाचलं, छान लिहितोस म्हणाले आणि नाताळच्या झाडाला कापूस लावला. एकट्या आढावकाकांनी ते लाल पेन्सिल घेऊन वाचलं. पुढच्या रविवारी ते सरळ माझ्याकडे आले आणि पहिला गाल माझाच गेला.

"ही आज्ञा पौलाने चार पत्रांत लिहिलीय, पेत्राने एका," ते म्हणाले. "प्रभुभोजनावर पौल एकाच पत्रात बोलतो. आता तू सांग."

फेकायच्या गोष्टींची यादी मला पाठ होती. करायच्या गोष्टींची मी कधी केलीच नव्हती.

मंडळी कुरकुरत सरावली. मग गेल्या महिन्यात मेजरसाहेबांनी चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून एक पाहुणे अधिकारी आणले आणि काकांनी त्यांचाही गाल सोडला नाही. त्या संध्याकाळी ठराव झाला. यापुढे हात जोडून सलाम. आढावांना मान्य नसेल तर त्यांनी दुसरीकडे उपासनेला जावं. निरोप कोणी द्यायचा? "तू दे," मेजरसाहेब मला म्हणाले. "पत्रक तुझं."

मी चिडलो. पण चार पानं लिहून काढली. आज्ञा सलामाची आहे, चुंबन हा त्या काळचा रिवाज. म्हणून सलाम ठेवावा, रिवाज सोडावा. मुद्दा मला पटत नव्हता. उद्या कोणी भाकर आणि प्यालाही त्या काळचाच रिवाज म्हटला तर?

शनिवारी मनीमाजऱ्याला गेलो. काका खोलीवर नव्हते. बाजारात न्हाव्याच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. गाल गुळगुळीत होते, तरी वस्तरा फिरत होता.

"बाबूजी रोज आते हैं," न्हावी मला म्हणाला. "मैं कहता हूँ, आज तो कुछ है ही नहीं. कहते हैं, फिर भी फेर दो. सिर भी दबा दो."

माझ्या हातातले कागद वाजले. काकांनी डोळे उघडले नाहीत. "वाच," ते म्हणाले. मी चारही पानं वाचली. न्हाव्याची बोटं त्यांच्या कपाळावरून फिरत राहिली.

"चांगलं लिहिलंस," शेवटी ते म्हणाले. "आमच्या आजाला गावात कोणी शिवत नव्हतं. मिशनचा एक पाळक आला, त्याने भर चावडीपुढे आजाला पोटाशी धरलं. आजा त्याच दिवशी ख्रिस्ती झाला. त्रैक्य, तारण, सगळं मागाहून शिकला." डोळे मिटूनच पुढे म्हणाले, "पौलही माझ्यासारखा एकटाच होता, बाळ. त्याला माहीत असणार." मग खुर्चीतून उठले. "पण मंडळी फुटू नये, हीही आज्ञाच आहे. उद्यापासून हात जोडीन."

मी ती पानं वाटेत फाडली. निरोप मात्र पोचला होता.

रविवारी प्रार्थना संपली. काका जागेवरच बसले, हात जोडून, मान खाली. कोणी हललं नाही. पहिल्या रांगेत मेजर भोसल्यांनी डोळे मिटूनच मान उजवीकडे वळवली आणि डावा गाल पुढे केला. दीड वर्षाची सवय. ते तसेच थांबले. मग त्यांनी एक डोळा उघडला, समोर कोणी नाही हे पाहिलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

मला वाटलं, आता खाकरतील आणि भाकरीकडे वळतील.

"आढाव," ते परेडच्या आवाजात म्हणाले, "लोक खोळंबलेत."

काका उठले. दोन पावलं आले आणि पुढच्या खुर्चीची पाठ धरून तिथेच उभे राहिले. त्यांना पुढे येता येईना. तेव्हा मेजरसाहेबच आपल्या गादीच्या खुर्चीतून उठले आणि त्यांच्यापर्यंत चालत गेले.