भिंत निघेल

शमुवेलकाका कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नाहीत. बूट काढतात आणि सरळ लिव्हिंग रूम आणि डायनिंग रूम यांच्यामधल्या भिंतीपाशी जातात. दार वाजवावं तशी ती बोटाच्या पेरानं वाजवतात, कान लावतात, आणि मग यजमानाकडे वळून, रिपोर्ट नॉर्मल आलाय असं डॉक्टरनं सांगावं तशा सुरात सांगतात, "निघेल."

ओहायोतल्या डब्लिन गावातल्या निम्म्या मराठी घरांच्या भिंती त्यांनी अशा तपासलेल्या आहेत. एका गृहस्थांना वाटलं, काका रिमॉडेलिंगवाल्याचं काम करतात. त्यांनी चहा देता देता एस्टिमेट विचारलं. काकांनी कप खाली ठेवला आणि त्यांना पहिल्या शतकापासून इतिहास सांगायला घेतला. त्या गृहस्थांचा चार वाजताचा कॉल चुकला.

काका म्हणजे शमुवेल घाटविसावे. नगरच्या मिशनच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, बायको गेल्यावर मुलाकडे ओहायोत आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, अर्थात ते स्वतः कधीही थोडक्यात सांगत नाहीत: पहिल्या ख्रिस्ती लोकांना चर्च नावाची इमारत माहीतच नव्हती. कुणाच्या तरी घरी जमायचं, भाकरी मोडायची, जेवायचं, गायचं. ज्याचं घर मोठं त्याच्याकडे मंडळी. पौल पत्रांतून सलाम पाठवतो तो अमक्याच्या घरच्या मंडळीला, चर्चच्या ऑफिसला नव्हे. आणि माणसं वाढली तेव्हा काय केलं? इथे काका थांबतात, वर्गावर नजर फिरवतात. वर्गात मी एकटाच असलो तरी फिरवतात.

"भिंत पाडली, विजय. दोन खोल्यांची एक केली. झालं चर्च."

सीरियात फरात नदीच्या काठी असं एक घर खणून काढलेलं आहे. साधं राहतं घर. शत्रू चालून आला तेव्हा गावकऱ्यांनी तटाला भर म्हणून ते मातीनं भरून टाकलं, आणि त्या मातीमुळेच ते टिकलं. हे सांगताना काकांचा आवाज असा लागतो, जणू ते घर त्यांच्या आत्याचं होतं. पुढचं वाक्य मात्र रागाचं असतं. "इमारत नंतर आली. जेवण आधी आलं. आणि ह्यांनी काय ठेवलं? इमारत ठेवली, जेवण कॅन्सल केलं."

ह्यांनी म्हणजे त्यांच्या मुलाच्या, जोसेफच्या, चर्चनं. पूर्वी तिथे फर्निचरचं दुकान होतं. आता आत मोठाले स्क्रीन आहेत, ड्रमसेट आहे, कॉफीचा काउंटर आहे. पहिल्या रविवारी पार्किंगमध्ये एका पोरानं हातातली दिव्याची काठी हलवून गाडी रांगेत लावायला लावली, ते काकांना अजून पचलेलं नाही. म्हणतात, गुरं वळवतात तसं वळवलं मला. आत गेल्यावर पास्टरनं प्रेमानं हात हातात घेऊन विचारलं, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? काका म्हणाले, माझ्या आजोबांच्या आजोबांना विचारा, मला उशिरा कळलं. पास्टर खूप हसला. त्याला तो विनोद वाटला.

राग काकांना दोन्हीकडून यायचा, आणि दुसऱ्या बाजूच्या रागाच्या वेळी मी तिथे हजर होतो. मंडळाच्या गणपतीला जोसेफनं त्यांना आणलं होतं. जेवणाच्या रांगेत आमच्या शेजारच्या देशपांडेवहिनींनी आडनावावरून चौकशी केली, काकांनी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "अय्या, ख्रिश्चन? पण मराठी किती शुद्ध बोलता हो!"

"तुमचंही बरं आहे," काका म्हणाले.

आजूबाजूचे हसले. मी बटाट्याच्या भाजीकडे बघत राहिलो. का, ते आता सांगतो. मीही ख्रिस्ती आहे.

हे वाक्य मी इथे सरळ लिहिलं, पण डब्लिनमध्ये ते कुणापुढे कधी उच्चारलं नव्हतं. विजय साळवे या नावातून काही कळत नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. डिसेंबरात इथे जोशींच्याही घरी झाड असतं, त्यामुळे आमचं झाड खपून जायचं. आरतीला मी टाळ्या वाजवायचो आणि मनातल्या मनात संतापायचो. आपण कोण आहोत हे लपवायला लावतात हे लोक, म्हणून. लपवायला लावलं कुणीच नव्हतं. पण संताप असला की बाकी काही करावं लागत नाही, ही त्याची मोठी सोय आहे.

काकांनी मला पकडलं ते इंडियन स्टोअरमध्ये, बाजरीच्या पिठापाशी. मी फोनवर बहिणीशी बोलताना सवयीनं शेवटी "सलाम" म्हणालो. आमच्याकडे निरोप घेताना म्हणतात तसं. मागून आवाज आला, "सलाम. नगरचे का? कुठली मंडळी?" आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. डाळींच्या रांगेतली दोन मराठी डोकी वळली. मी पीठ न घेताच काकांना बाहेर काढलं.

पुढच्याच आठवड्यात ते घरी आले. बूट काढले, भिंत वाजवली, कान लावला, म्हणाले, "निघेल." मग आमच्या डायनिंग रूमकडे मोठ्या मायेनं पाहिलं. इथे मराठी बोलणारी चार-सहा ख्रिस्ती घरं आहेत, म्हणाले. एक नर्स आहे, युनिव्हर्सिटीत नागपूरचा एक पोरगा आहे. जोसेफ घरात उपासना करू देत नाही, गाड्या लागतात म्हणतो. तुझं घर मोठं आहे.

रविवारी संध्याकाळी माझ्या दारात गाड्या, खिडकीतून मराठी गाणी, आणि समोर कुत्रा फिरवणाऱ्या देशपांडेवहिनी, असं सगळं चित्र मला दिसलं. मी म्हणालो, "काका, ही भिंत लोड बेअरिंग आहे. हिला हात लावला तर वरचा मजला खाली येईल."

स्वयंपाकघरातून माझी बायको शैला माझ्याकडे बघत होती. भिंतीला हात न लावताही माणसं बसू शकतात, हे तिलाही कळत होतं आणि काकांनाही. काका फक्त "असं का?" म्हणाले. त्यानंतर मात्र त्यांनी सगळ्या गावात सांगितलं की साळव्याची भिंत बिचारी ओझं वाहते. फोनवर रोज तिची चौकशी करायचे. कशी आहे भिंत? मी म्हणायचो, बरी आहे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी जोसेफचा फोन आला. ये आणि तुझ्या मित्राचे प्रताप बघ, म्हणाला. मित्र म्हणजे त्याचे वडील. मी गेलो तर घर बर्फासारखं गार. लिव्हिंग रूमच्या भिंतीला बादली जाईल एवढं भोक, खाली पांढरा चुरा, आणि चुऱ्यात हातोडा घेऊन काका. मुलगा-सून कॉस्टकोला खरेदीला गेल्याचं बघून त्यांनी कामाला हात घातला होता. इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या, सगळ्याच पोकळ वाजतात, हे त्यांच्या इतिहासात नव्हतं. आतून थर्मोस्टॅटची वायर गेलेली होती. ती तुटली आणि हीटिंग बंद पडलं.

"डॅड, धिस इज नॉट सीरिया," जोसेफ पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता. मग तो इलेक्ट्रिशियनला फोन करायला गराजमध्ये गेला.

मीही तापलोच. म्हटलं, काका, हा काय हट्ट आहे? जोसेफनं त्याच्या चर्चमधली एक खोली फुकट मिळवून दिली होती. ती चालत नाही. तुम्हाला भिंतच पाडायची असते. लोकांच्या घरांची कसली ही तोडफोड?

काका जिन्याच्या पायरीवर बसले. पँटवरचा चुरा झटकत राहिले. मला वाटलं आता पहिलं शतक येणार.

"कुसुमला, तुझ्या काकूला, लकवा झाला ना," ते म्हणाले, "तेव्हा आम्ही मिशनच्या दोन खोल्यांत होतो. रविवारी बाहेरच्या खोलीत उपासना. आधी सतरंजी तीच घालायची, पेटी तीच वाजवायची, चहा तिचाच. मग ती आत खाटेवर. एकदा म्हणाली, अहो, ऐकू सगळं येतं, तोंडं तेवढी दिसत नाहीत."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो.

"एका विटेची भिंत होती, विजय. आणि मी त्याच वर्षी संडे स्कूलच्या पोरांना ते सीरियातलं घर शिकवत होतो. भिंत पाडली म्हणून फळ्यावर चित्र काढून दाखवत होतो. घरी येऊन त्याच भिंतीला टेकून चहा प्यायचो. मला सुचलं नाही रे."

गराजमधून जोसेफचा आवाज येत होता. इलेक्ट्रिशियन सोमवारशिवाय येणार नव्हता.

"काका," मी म्हणालो, "आमची भिंत लोड बेअरिंग नाही."

"माहीत आहे. पहिल्याच दिवशी वाजवली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुला सांगायचं असेल तेव्हा सांगशील." ते उठले, हातोडा माझ्या हातात दिला. "आता हा घेऊन जा. जोसेफला दिसला की पुन्हा चिडेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात गाड्या लागल्या. मी शेवटच्या गाडीला जागा करून देत होतो, आणि देशपांडेवहिनी कुत्र्याला घेऊन अगदी वेळेवर आल्या. काय विशेष, सत्यनारायण का, म्हणाल्या.

"नाही वहिनी. उपासना आहे. आम्ही ख्रिस्ती आहोत."

"अय्या, इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी." आणि मग कुत्र्याला ओढत, "पार्किंग कमी पडलं तर आमचा ड्राइव्हवे आहे हं." इतकी वर्षं जपलेला संताप हातात तसाच राहिला. आता तो कुठे ठेवायचा, ते मला कळेना.

आत माणसं बसली होती. शैलानं सतरंजी घातली होती. नागपूरच्या पोरानं गाणं उचललं, नर्सबाईंनी धरलं. लोकांना चांगली जागा होती, दोन खुर्च्या उरल्याही होत्या. काका मात्र नव्हते. जोसेफ म्हणाला, आत्ता तर इथे होते.

ते डायनिंग रूममध्ये सापडले. भिंतीच्या पलीकडे, खुर्ची भिंतीकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून एकटे बसले होते.

"काका, इथे काय करताय? चला ना, सगळे तिकडे आहेत."

"इथून कसं येतं ते बघत होतो," ते हळू म्हणाले.

"कसं येतं?"

"येतं. शब्द न् शब्द येतो." थोड्या वेळानं म्हणाले, "ती खरं सांगत होती."

त्यांना आणायला गेलेला मी परत गेलो नाही. एक खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी भिंतीकडे तोंड करून बसलो. पलीकडे दुसरं कडवं सुरू झालं होतं. नर्सबाईंचा आवाज ओळखू येत होता, शैलाचाही. कुणाचं तोंड दिसत नव्हतं.