माझ्या औषधाचं खोकं आणि ऑरविलच्या अळ्या

माझ्या हातून वस्तूची अदलाबदल होत नाही! हे मी आमच्या मिनेसोटात कुणालाही छातीठोकपणे सांगायचो. तीस वर्षं शाळेची बस चालवली, एक पोर चुकीच्या थांब्यावर उतरवलं नाही. मग फ्रीजमधलं एक खोकं ते काय!

तर, मला सोरायसिस आहे. बावीस वर्षं. हातांवर असे पापुद्रे, की हात मिळवला तर समोरचा माणूस गुपचूप पँटला हात पुसतो. त्यावर महिन्याला एक इंजेक्शन असतं. घेतलं की हात कसे लख्ख! पण चार महिने झाले, ते औषध बाजारातून गायब. कंपनी म्हणते, कारखान्यात अडचण आहे. विमावाले म्हणतात, तोवर आजार अजून आहे असा डॉक्टरांचा दाखला पाठवा. अहो, बावीस वर्षांचा आजार मी परस्पर कुणाला देऊन टाकणार?

इकडे कर्स्टनचं, म्हणजे आमच्या लेकीचं, लग्न महिन्यावर आलेलं. तिनं बजावलं होतं, "बाबा, माझ्या पदवीदानाला तू हातमोजे घालून आलास. लग्नात आपला बापलेकीचा नाच उघड्या हातांनी. कबूल?"

"कबूल!" म्हणालो, आणि रोज फोन लावत बसलो. पलीकडे बासरी वाजायची आणि मधूनमधून एक बाई सांगायची, की माझा फोन त्यांच्यासाठी फार मोलाचा आहे. इतका मोलाचा, की उचलायची कुणाची छाती होत नव्हती!

अखेर एका मंगळवारी औषध आलं. सही करून घेतलं. हे औषध थर्माकोलच्या जाड खोक्यात थंडगार येतं. रिकामी खोकी टाकवत नाहीत, म्हणून मी ती वाटतो. शेजारचा ऑरविल त्यातल्या एकात गळाला लावायच्या अळ्या ठेवतो, आणि ते खोकं आमच्या गॅरेजातल्या फ्रीजमध्ये! त्याच्या घरी अळी दिसली, तर बायको त्यालाच बाहेर ठेवेल. माझं नवं खोकंही मी त्याच फ्रीजमध्ये ठेवलं.

"डेल्मर, खोक्यावर नाव लिही," लॉर्ना म्हणाली. लॉर्ना म्हणजे माझी बायको.

"मला माझं खोकं कळत नाही?"

"मग आत्ताच टोचून घे."

"माझा इंजेक्शनचा वार बुधवार. शिस्त म्हणजे शिस्त!"

बुधवारी सकाळी खोकं उघडलं. आत लाकडाचा भुसा. आणि भुसा हलत होता.

गाडी काढली ती थेट गोठलेल्या तळ्यावर! ऑरविल आपल्या खोपटात, बर्फातल्या भोकात गळ सोडून, शेगडी शेकत बसला होता.

"ऑरव्या! खोकं कुठाय?"

"बाहेर, घसरगाडीवर. आज मासे नुसत्या चमकत्या गळालाच येतायत बघ. अळ्या काढायची वेळच आली नाही!"

बाहेर शून्याखाली वीस! औषधावर ठळक छापलं होतं, गोठल्यास वापरू नये. सिरिंज बघितली, तर आत बर्फाची कांडी.

ऑरविलचा चेहरा पडला. "डेल, आजचे सगळे मासे तू घे."

"मासे टोचून घेऊ का, मेल्या?"

घरी येऊन फोन लावला. या वेळी चक्क माणूस बोललं! टॅमी नावाची मुलगी. "घाबरू नका, साहेब. गोठलेलं औषध आजच परत पाठवा. ते तपासलं की लगेच नवं धाडते. एकच शिल्लक आहे, तुमच्या नावानं बाजूला ठेवलंय."

मला तिचा मुका घ्यावासा वाटला! एवढ्यात ऑरविल त्याचं खोकं न्यायला आला. दोन्ही खोकी शेजारीशेजारी होती. त्याच्या हातात त्याचं दिलं, माझ्या खोक्यावर चिकटपट्टी मारली.

"उघडून बघ रे एकदा!" आतून लॉर्ना ओरडली.

"तीस वर्षं बस चालवलीय मी!" मी ओरडलो आणि खोकं कुरियरच्या गाडीत चढवलं.

शुक्रवारी टॅमीचा फोन. आवाज अगदी बारीक. "साहेब, तुमच्या औषधाला... पाय आहेत."

प्रकरण चौकशीला गेलं. चौकशीला सहा आठवडे. बाजूला ठेवलेलं इंजेक्शन दुसऱ्या कुणाला गेलं. लॉर्नानं फक्त जाड टोकाचं पेन आणून माझ्यासमोर ठेवलं. ओरडली असती तर परवडलं असतं.

लग्नात मी पांढरे हातमोजे घालून उभा राहिलो. नाच सुरू झाला. कर्स्टननं माझ्या हातांकडे बघितलं आणि दोनशे लोकांसमोर दोन्ही मोजे ओढून काढले! पापुद्रे तिच्या बाहीवर पडले. मी हात मागे घ्यायला गेलो, तर तिनं ते घट्ट धरले. मला रडू फुटलं हो! आवरेचना.

तेवढ्यात ती कानाशी आली. "बाबा, एक विचारू?"

"विचार, बाळ. काहीही विचार."

"त्या अळ्या कंपनी परत देणार आहे का? ऑरविलकाका मघापासून दोनदा विचारून गेलाय!"