संथ गाण्याचा जाणकार

पहिली बाजू

"गप्प बस आणि ऐक," ग्रॅहम ओल्ड्रॉइड बहिणीला म्हणाला. हडर्सफील्डच्या त्या बैठकीच्या खोलीत 'टिन हार्बर' बँडचं नवं गाणं वाजत होतं. नेहमीच्या लहान तबकडीवरचं नव्हे; तेच गाणं लांबवून मोठ्या तबकडीवर काढलेलं.

"गातोय की हंबरतोय?" जॅनिसने विचारलं.

"परिपक्व झालाय तो!"

टिन हार्बरच्या चाहत्यांसाठी ग्रॅहम एक मासिक काढायचा. स्वतःच लिहायचा, स्वतःच स्टेपल मारायचा. या संथपणात गिरण्या बंद पडलेल्या उत्तर इंग्लंडचं अख्खं दुःख आहे, असं त्याने नव्या अंकात पानंच्या पानं लिहिलं होतं. अंक सकाळीच टपालात पडले होते. एक खुद्द बँडला. शनिवारी ते गावात येणार होते, आणि गायकाने आपल्याला नावाने ओळखावं, एवढीच ग्रॅहमची आयुष्याकडून अपेक्षा होती.

जॅनिस चहाचा मग घेऊन वाकली. "अरे, यावर मिनिटाला पंचेचाळीस फेरे लिहिलेत. तू तेहेतीसवर लावलीयेस."

"मोठी तबकडी तेहेतीसवरच फिरते."

"मोठी असली तरी एकाच गाण्याची सिंगल आहे ना ही, शहाण्या?" तिने वेगाचा खटका सरकवला.

दुःख संपलं. गाणं टुणकन उठून नाचायला लागलं.

दुसरी बाजू

"टपालपेटीत हात जातो का गं?"

"जात नाही. आणि तू प्रयत्न करू नकोस."

प्रायश्चित्त म्हणून ग्रॅहम गाणं खऱ्या वेगात ऐकत बसला. हळूहळू पाय ठेका धरू लागला. मग बटाटे सोलतानाही तो तेच गुणगुणू लागला. काय गाणं होतं!

शनिवारी तो टोपी डोळ्यांवर ओढून गर्दीत अगदी मागे उभा राहिला. गायक माइकपाशी आला.

"ग्रॅहम ओल्ड्रॉइड आलाय का?"

जॅनिसने भावाचा हात धरून वर केला.

"मित्रा, तुझा लेख वाचून आम्ही आधी पोट धरून हसलो. मग म्हटलं, एकदा तसं संथ वाजवून तर बघू. आता तसंच वाजवणार. कायमचं!"

गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मी गर्दी बियरच्या रांगेत गेली होती. गायक एकट्या ग्रॅहमकडे बघत जीव तोडून गात होता.

"झालं ना मनासारखं?" जॅनिस कुजबुजली.

"हळू बोल, बघतोय तो." ग्रॅहम भक्तिभावाने मान डोलावत, ओठ न हलवता म्हणाला, "शेवटची बस कितीला आहे गं?"